बायकोची नोकरी पक्की, माझी खासगी. मुलीसाठी मी घरी राहू का?

बेसा रोडवाला:

नमस्कार मंडळी. घरात या विषयावर शांतपणे बोलणंच होऊन नाही राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. नोकरीला साडेचार वर्षं झाली. बायको सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका आहे, पर्मनंट. मुलीला आठवा महिना सुरू आहे. बायकोची १८० दिवसांची प्रसूती रजा संपली, तिला जोडून घेतलेली अर्जित रजाही संपत आली. त्यानंतर पोरीकडे कोण बघणार, हा प्रश्न आहे.

आमचा खरा घोळ शिफ्टचा आहे. तिची ड्युटी कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र. माझीही तशीच. माझी बस छत्रपती चौकातून सुटते. फर्स्ट शिफ्टला घरून सहाच्या आत निघावं लागते, आणि सेकंड सुटल्यावर घरी यायला रात्रीचे बारा वाजून जातात. दोघांचे ड्युटीचे तक्ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तिची नाइट आणि माझीही नाइट असा आठवडा आला की रात्री घरात मोठं माणूसच नाही. तिची दुपार आणि माझी सेकंड आली की दुपारपासून रात्रीपर्यंत पोरगी कुठे ठेवायची? मनीषनगर, बेसा, खामला, सगळीकडची पाळणाघरं पाहिली. संध्याकाळी सात-साडेसातला सगळी बंद होतात. वर्षाच्या आतलं बाळ घ्यायला बहुतेकांनी नाहीच म्हटलं. चांगल्या वाटलेल्या एका ठिकाणी दहा-बारा पोरं आणि एकच मावशी होती, आणि पाणी ठिबकणाऱ्या कुलरची वायर रांगणाऱ्या पोरांच्या हाताशी लोंबत होती. तिथून दोघंही न बोलता निघालो.

पगाराचं सांगतो. तिच्या हातात साठ हजारांच्या वर येतात, माझ्या हातात २७ हजार. फ्लॅटचा हप्ता १९ हजार, तो तिच्या खात्यातून जातो. शिफ्टप्रमाणे येणारी बाई ठेवायची तर माझा अर्धा पगार तिलाच जाईल. आणि जिला अजून बोलता येत नाही अशा पोरीला अनोळखी माणसाजवळ रात्रभर ठेवायला आमचं मन घेत नाही.

म्हणून मला वाटते, पोरगी प्लेस्कूलला जाण्याएवढी होईपर्यंत मी घरी राहावं. नाइलाज म्हणून नाही, मला हे मनापासून करायचं आहे. उष्टावणापासून मुगाच्या वरणाचा भात ती माझ्याच हातून खाते. भात बोटांनी पार मऊ कालवावा लागतो, एक जरी शीत अख्खं राहिलं तर जिभेनं बाहेर ढकलते आणि माझ्याकडे बघत बसते. रात्री पाठीवर थोपटत डाव्या कानामागे बोट फिरवलं की झोपते. या गोष्टी मला आता माहीत झाल्या आहेत, आणि पुढच्याही माहीत व्हाव्यात असं वाटते.

अडचण मोठ्यांची आहे. आई-बाबा शहरातल्या महाल भागात मोठ्या भावाकडे राहतात. आईचे गुडघे गेले आहेत आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, त्यामुळे ती इथे येऊन राहील असं नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, "माणसानं घरी बसायचं असते का रे? नातेवाईक काय म्हणतीन?" तिच्या मते बायकोनं बिनपगारी रजा घ्यावी. सासरे म्हणाले, "आम्ही नोकरीवाला मुलगा पाहून मुलगी दिली." ते फार लागलं. बायको म्हणते, "तू ठरव, मी सोबत आहे. पण उद्या मला दोष नको देऊ."

इथे कोणी पुरुष असा घरी राहिला आहे का? राजीनाम्याआधी पैशाचं काय काय पाहून घ्यावं? आणि परत नोकरीला लागताना काय होते?

हिंगणा जनरल शिफ्ट:

भाऊ, आधी कंपनीत लेखी अर्ज देऊन जनरल शिफ्ट मागून पाहा. क्वालिटीत डॉक्युमेंटेशन, कॅलिब्रेशन अशी कामं बहुतेक जनरललाच असतात. शिफ्टचा भत्ता जाईल, पण नोकरी राहील. वहिनींच्या नाइटचा प्रश्न त्यानं पूर्ण सुटतो, रात्री तुम्ही घरी असाल. उरतो दिवसाचा. हिंगण्याकडच्या, मिहानकडच्या कंपन्यांतही विचारून ठेवा. मुलगी लहान असताना नोकरी सोडलेले एक-दोघं माझ्या माहितीत आहेत, त्यांना परत यायला जड गेलं. सोडणं सोपं आहे. एवढंच म्हणणं, पुढे तुमची मर्जी.

पगारपत्रक:

दादा, माझं कामच पगारपत्रकांचं आहे, म्हणून तेवढ्यापुरतं सांगते.

साडेचार वर्षं झाली म्हणता, तर आत्ता राजीनामा टाकूच नका. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशाला, सलग ५ वर्षं लागतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग पूर्ण वर्षांनी गुणायचं. तुमचं मूळ वेतन १८ हजार धरलं तर ५ वर्षांचे ५१,९२३ रुपये होतात. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पुरे, असं मद्रास हायकोर्टानं मानलेलं आहे, पण त्यासाठी कंपनीशी भांडत बसण्यापेक्षा पाच वर्षं पूर्ण करून बाहेर पडा. तुमच्या हप्त्याचे जवळजवळ तीन महिने त्यात निघतात.

मधल्या काळासाठी ताईंची बालसंगोपन रजा आहे. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना ती २०१८ पासून मिळते. संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, आणि एका वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करून घ्यावी लागते, म्हणून अर्ज लवकर द्यायला सांगा. ही रजा पगारी आहे. तुमच्या आई म्हणतात ती बिनपगारी रजा वेगळी. ताई १ नोव्हेंबर २००५ नंतर लागल्या असतील आणि एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) असतील, तर मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के त्यांच्या पगारातून जातात आणि शासन १४ टक्के टाकतं. बिनपगारी राहिल्या की दोन्ही थांबलं. वेतनवाढही पुढे सरकू शकते. घरच्यांना हे आकडे घालून सांगा, कारण "थोडे दिवस रजा घे" म्हणताना हे कोणाच्याच डोक्यात नसतं.

तुमचा पीएफ काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. पुढेही काढू नका, तुमच्या कंपनीच्या हिश्श्यातला भाग पेन्शन फंडात जातो आणि त्या पेन्शनला एकूण १० वर्षांची सेवा लागते. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवला आणि पैसे काढले नाहीत, तर ही पाच वर्षं पुढच्या नोकरीत मोजली जातील. नॉमिनीत अजून आईचं नाव असेल तर ते बदलून घ्या. लग्नानंतर हे बहुतेकांचं राहून जातं.

नोकरी सुटली की कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही सुटतो. राजीनाम्याच्या आधीच तिघांची फॅमिली पॉलिसी घ्या, कारण आधीपासून असलेल्या आजारांना ३ वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा काळ असू शकतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घर एका पगारावर आलं की ताईंच्या नावानं टर्म इन्शुरन्स हवाच. आपल्याकडे तो नवऱ्याच्या नावानं काढतात आणि कमावती बायको तशीच राहते. हप्ता त्यांच्या खात्यातून जातो, तर विमा त्यांचा आधी.

एक गोष्ट कामाबाहेरची. पाळणाघराचे किंवा बाईचे पैसे नेहमी एकाच पगारातून वजा करून दाखवतात, बायकोच्या. तुम्ही स्वतःच्या पगारातून वजा करून पाहिले. पण मूल दोघांचं आहे, तर दोन्ही पगारांची बेरीज करूनच वजाबाकी करा.

नंदनवनचा बाप:

मी राहिलो आहे. मुलगा सहा महिन्यांचा असल्यापासून तीन वर्षांचा होईपर्यंत. बायको बँकेत. म्हणून लिहितो, आणि थोडं लांब लिहितो.

बाळाचं काम शिकता येतं, ते तुम्हाला आत्ताच येऊन राहिलं आहे. कठीण आहे ती चार ते सहाची वेळ. झोप झालेली, ऊन उतरलेलं नाही, मे महिन्यात तर पोराला सहाच्या आधी बाहेर काढता येत नाही, आणि दिवसभर आपण एका मोठ्या माणसाशी बोललेलो नसतो. या वेळेची सोय आधीच लावून ठेवा. मी खाली राहणाऱ्या आजोबांकडे जाऊन बसायचो. ते पेपर वाचून दाखवायचे, पोरगं त्यांच्या चष्म्याच्या डबीशी खेळायचं. तुमच्या बिल्डिंगमध्ये असं एक दार शोधून ठेवा.

बागेत आया, आज्या असतात. पहिल्यांदा त्या जरा लांब बसतात. त्यात त्यांचं वाईट नसतं, त्यांनाही सवय नसते. मी रोज त्याच वेळी गेलो, पोरानं पोरांशी ओळख काढली, मग खाऊचे डबे इकडून तिकडे व्हायला लागले. नाचणीच्या सत्त्वात गुठळी होऊ नये म्हणून आधी गार पाण्यात कालवून मग गॅसवर ठेवायचं, हे मला तिथल्याच एका आजीनं शिकवलं.

लसीकरणाला नागरी आरोग्य केंद्रात मी एकटाच जायचो. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस असतो, तुमचं जवळच आलं आहे. तिथे सिस्टरनं विचारलं, "बाळाची आई कुठे आहे?" मी म्हटलं, "कामावर. काय सांगायचं ते मला सांगा, मीच असतो दिवसभर." त्यांनी नीट सांगितलं, ताप आला तर काय, सूज आली तर काय. पुढच्या वेळी त्यांनीच हाक मारून कार्ड मागितलं. मला वाटतं, असं सरळ सांगितलं की लोकही सरळ वागतात. आपण चाचरलो की त्यांना बोलायला जागा मिळते.

आता पैसे. हे दोघांनी पहिल्या महिन्यातच ठरवा. आमच्याकडे पगार झाला की ठरलेली रक्कम माझ्या खात्यात यायची. घरखर्चाची वेगळी, माझी स्वतःची वेगळी. मला कधी मागावं लागलं नाही आणि तिला कधी विचारावं लागलं नाही. मागावं लागलं असतं तर मी सहा महिन्यांत परत नोकरी शोधली असती, हे खरं सांगतो. घरी राहणाऱ्या किती तरी बायका भाजीच्या पैशासाठी रोज हात पुढे करतात. ते काय असेल हे मला त्या वर्षांत समजलं, आणि माझ्या आईबद्दलचं पुष्कळ काही समजलं.

परत नोकरीचं: हिंगण्यात लागलो. सोबतच्यांपेक्षा पगार कमी मिळाला, आणि तो फरक अजून भरून निघालेला नाही. तुम्ही तो धरूनच चाला. मुलाखतीत गॅपचं विचारलं तेव्हा "मुलाला सांभाळत होतो" एवढंच सांगितलं. एका ठिकाणी तिथेच विषय संपला, दुसरीकडे साहेबांनी मुलाचं वय विचारलं आणि कामावर आले. घरी असताना जुन्या सुपरवायझरचे इन्स्पेक्शन रिपोर्ट टाइप करून द्यायचो, पोराच्या दुपारच्या झोपेत. पैसे फार नव्हते, पण कंपनीतली माणसं सुटली नाहीत आणि नोकरीचा निरोपही तिथूनच आला. तुम्हीही काही तरी धरून ठेवा.

नाइट ड्युटी:

मी वहिनींच्याच कामातली. दादा, तुम्ही घरी राहणार हे चांगलंच आहे, पण काही गोष्टी आधी बोलून घ्या.

वहिनी नाइट करून सकाळी येतील तेव्हा छाती दुधानं भरून आलेली असेल, आधी बाळाला घेतील, मग झोपतील. ती झोप सलग पाच-सहा तास मिळाली पाहिजे. तेवढा वेळ बाळ दुसऱ्या खोलीत, दार लावून, आणि कुरिअरवाला, दूधवाला, फोन, सगळं तुमच्याकडे. बाळ रडलं म्हणून तासाभरात उठवलं तर तुम्ही घरी राहून तिला काय मिळालं? वॉर्डात इंजेक्शनचा डोस काढताना डोळे मिटतात, तेव्हा काय वाटतं ते मी अनुभवलं आहे.

दुसरं, स्वयंपाक. पुरुष घरी राहिला की बाळ त्याच्याकडे येतं आणि कणीक मात्र बायकोची वाट पाहत राहते. दोन्ही वेळचं जेवण, डबा, धुणं, बाळाचे लंगोट, यादीत कोणाचं काय ते आजच ठरवा.

तिसरं, दूध. सहा महिने झाले तरी वरच्या खाण्यासोबत आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं असतं. ड्युटीच्या आधी काढून ठेवलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली २५ अंश कुठली, तेव्हा मार्च ते जून काढलं की लगेच फ्रीजमध्ये. तिथे ४ दिवस चालतं. गॅसवर उकळायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. बाळानं उष्टं केलेलं दूध परत ठेवायचं नाही. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, बाटलीची सवय लागली तर काही बाळं छातीला घेईनाशी होतात.

निवृत्त बाई, त्रिमूर्तीनगर:

तू माझ्या मुलाच्या वयाचा असशील, म्हणून अरे-तुरे करते.

आईवर रागावू नकोस. "नातेवाईक काय म्हणतीन" हे ती वर वर बोलते. आत तिला भीती आहे की आपल्या मुलाच्या हातात पैसा नसेल आणि मग त्याला घरात कोणी विचारणार नाही. तिनं स्वतः ते भोगलं असेल. वर त्या भाऊंनी लिहिलंय ना, दर महिन्याला खात्यात ठरलेली रक्कम येते म्हणून, ते तिला समोर बसवून सांग. ग्रॅच्युइटीचा आकडा सांग, विम्याचं सांग. तिला जिना चढवत नाही, तर तूच पोरीला घेऊन आठवड्यातून एकदा महालात जा आणि दुपारभर थांब. तान्ह्या पोळ्याला पोरीला लाकडाचा बैल घेऊन दे आणि तिथेच ओवाळून घ्या. तुझ्या हातून नात कशी जेवते हे आईला दिसू दे. सासऱ्यांशी मात्र तू बोलू नकोस, ते काम तुझ्या बायकोचं. तिनंच सांगू दे की हा निर्णय तिलाही हवा आहे.

मी निवृत्तीनंतर दोन नातवंडं सांभाळली. आनंदानं सांभाळली, पण मला कोणी "जमेल का" असं विचारलं नव्हतं. तुम्ही दोघांनी आईला गृहीत धरलं नाही, हे मला आवडलं.

बेसा रोडवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोनंही सगळं वाचलं, काही काही दोनदा वाचलं.

राजीनामा पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही, हे पक्कं केलं. तोपर्यंत जनरल शिफ्टचा अर्ज देतो. मिळाली तर रात्रीचा प्रश्न सुटेल, पण दिवसाचा राहतोच, त्यामुळे पाच वर्षांनंतर घरी राहायचं हे मी माझ्याकडून ठरवलं आहे. बायको या आठवड्यात बालसंगोपन रजेचा अर्ज टाकते. तिच्या टर्म इन्शुरन्सचं आम्हाला सुचलंच नव्हतं, त्यासाठी उद्या माणूस येऊन राहिला आहे. पीएफला खरंच अजून आईचं नाव आहे. खात्यात किती आणि कधी टाकायचे हे काल रात्री बसून लिहिलं. तो आकडा तिनंच माझ्यापेक्षा जास्त सांगितला.

सासऱ्यांशी ती बोलली. ते अजून तयार नाहीत. "पाहू" म्हणाले, तेवढंच.

नाइट ड्युटी ताई, एक विचारायचं होतं. आमचा फ्रीज जुना, सिंगल डोअरचा आहे. वरच्या बर्फाच्या कप्प्यात दूध ठेवलं तर चालते का? आणि आमच्या भागात उन्हाळ्यात लाइट जाते, तेव्हा काय करायचं?

नाइट ड्युटी:

चालतं. सिंगल डोअरच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवड्यांपर्यंत धरा, त्यापुढे नको. खाली ठेवलं तर मागच्या बाजूला ठेवा, दारात कधीच नाही, दार उघडं-बंद होऊन तिथलं तापमान सारखं बदलतं. लाइट गेली की फ्रीज उघडू नका. वितळलेलं दूध परत गोठवायचं नाही, ते फ्रीजमध्येच ठेवून २४ तासांत संपवायचं. स्टीलच्या छोट्या, घट्ट झाकणाच्या डब्या घ्या, एका वेळेला लागेल तेवढंच एकीत भरा, आणि प्रत्येकीवर तारीख-वेळ लिहून चिकटवा. जुनी डबी आधी काढायची.